सातपूरची हवा : प्रस्तावना

हवामानासंबंधी मत देण्याचा अधिकार प्रत्येकाला जन्मतःच प्राप्त झालेला असतो, आणि त्याचा पद्धतशीर अभ्यास करण्याची जबाबदारी मात्र बहुधा कोणालाच आपली वाटत नाही. पहिल्या पाळीला निघालेला कारखान्यातील कामगार, त्र्यंबकेश्वराकडील खाचरांत भाताच्या आवणीची घाई झालेला शेतकरी, निफाडच्या बाजूस द्राक्षाच्या मांडवाखाली उभा राहून आभाळाचा अंदाज घेणारा बागाईतदार आणि पर्जन्यमापकातील पाण्याची नोंद ठेवणारा तहसील कचेरीतील कारकून, हे चौघेही एकाच आकाशाकडे पाहतात. परंतु एकाच दिवशी पहिल्याला पाऊस नको असतो, दुसऱ्याला तो हवा असतो, तिसऱ्याला त्याची धास्ती वाटते आणि चौथ्याला त्याचा केवळ आकडा पाहिजे असतो. या चौघांच्याही उपयोगी पडेल अशा रीतीने हवेचा दाब, भिन्न हवांच्या सीमेवर उभ्या राहणाऱ्या आघाड्या आणि ढग यांचे मूलभूत विवेचन एका लहानशा, डोळ्यांसमोरच्या प्रदेशाच्या आधाराने करावे, हा प्रस्तुत पुस्तकाचा हेतू आहे. आणि त्यासाठी सातपूरचीच निवड का केली, याचा खुलासा प्रारंभीच करणे इष्ट होय.

सातपूर हे मूळचे नाशिकच्या पश्चिमेस, त्र्यंबक रस्त्यावर वसलेले शेतकऱ्यांचे गाव. पुढे तेथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि आज ते नाशिक महानगराच्या अंमलाखालील एक गजबजलेले उपनगर झाले आहे. परंतु महसुली नकाशात झालेल्या या बदलांचा त्याच्या आकाशाशी काही संबंध नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील हे ठिकाण सह्याद्रीच्या माथ्याला लागून असलेल्या पठाराच्या पश्चिम कडेजवळ आहे. त्याच्या पश्चिमेस अंजनेरी आणि ब्रह्मगिरी हे सुमारे तेराशे मीटर उंचीचे डोंगर आहेत, वायव्येस गोदावरीवरील गंगापूर धरण आहे, आणि पूर्वेस निफाड-येवल्याकडे उतरत जाणारी मोकळी जमीन आहे. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, नाशिक शहरात तो सातशेच्या आसपास येतो आणि येवल्याकडे पाचशेच्या घरात उतरतो. म्हणजे शंभर-सव्वाशे किलोमीटरांच्या अंतरात, एकाच जिल्ह्याच्या सरहद्दीत, पावसाची सहापट तफावत आढळते. सातपूर या उताराच्या ऐन मध्यावर आहे. येथे पश्चिमेकडचे ढग दिसतात पण सगळेच बरसत नाहीत, आणि पूर्वेकडचे ऊन जाणवते पण सर्वस्वी राज्य करीत नाही. ज्याला हवामानाची कारणे समजून घ्यावयाची आहेत त्याने जेथे ती कारणे परस्परांशी झगडतात अशाच ठिकाणी उभे राहावे, आणि त्या दृष्टीने सातपूर हे सोयीचे ठाणे आहे.

या पुस्तकात जे काही सांगावयाचे आहे ते एका वाक्यात सांगता येईल: हवामानाचे सारे व्यवहार भेदावर चालतात. दाब सर्वत्र सारखा असता तर वारा वाहिलाच नसता. सर्व हवा एकाच तापमानाची आणि एकाच आर्द्रतेची असती तर आघाडी नावाची वस्तू संभवली नसती. आणि जमिनीजवळची हवा वरच्या हवेपेक्षा कधीच उष्ण झाली नसती, डोंगराने ती कधीच वर ढकलली नसती, तर ढगांची उत्पत्ती फारच मर्यादित राहिली असती. आपली रोजची चर्चा मात्र भेदाची नसून परिमाणाची असते. आज पारा किती चढला, किती मिलिमीटर पाऊस झाला, आर्द्रता किती टक्के होती, हे आपण विचारतो. कशाच्या मानाने आणि कोणत्या दिशेला, हा प्रश्न सहसा विचारीत नाही. वस्तुतः एकट्या आकड्याला हवामानशास्त्रात फारशी किंमत नाही. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवला आणि दोहोंमधील अंतर व दिशा पाहिली, म्हणजेच तो बोलू लागतो.

हा विचार अगदी अर्वाचीन आहे असेही नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागारात पर्जन्य मोजण्यासाठी एक हात तोंडाचे कुंड ठेवावे असा दंडक घालून दिलेला आहे, आणि निरनिराळ्या देशांच्या पर्जन्याचे प्रमाण द्रोण या मापात नमूद केले आहे. त्यात गोदावरीच्या खोऱ्यातील अश्मक देशाला मोजका पाऊस दिलेला आहे, आणि अपरान्ताला, म्हणजे आपल्या कोकणपट्टीला, मोजमापापलीकडचा. सह्याद्रीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पावसातील तफावत इतक्या प्राचीन काळी राज्यकारभाराच्या दप्तरात शिरली होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण तिच्या मागचा उद्देश कौतुकाचा नसून पेरणीचा आणि महसुलाचा होता. तहसील कचेरीच्या आवारातील पर्जन्यमापक, सकाळी साडेआठ वाजता घेतली जाणारी त्याची नोंद आणि हंगामाअखेरीस निघणारी पिकांची आणेवारी, ही त्याच प्रशासकीय परंपरेची आजची रूपे होत.

आपल्या शेतकऱ्याने स्वतःसाठी जी व्यवस्था ठेवली ती निराळ्या धर्तीची. मृगापासून हस्तापर्यंतची पावसाची नक्षत्रे, पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस, पंचांगात दिलेली नक्षत्रांची वाहने, हा सगळा पसारा म्हणजे सूर्याच्या गतीला बांधलेली एक दिनदर्शिका होती. तीत दीर्घ अनुभव साठविलेला होता हे मान्य केले पाहिजे, कारण मृगाच्या सुमारास पाऊस येतो आणि हस्तात गडगडाटासह परततो ही निरीक्षणे ढोबळमानाने खरीच आहेत. परंतु सूर्य दरवर्षी ठरल्या तारखेस मृगात प्रवेश करतो आणि पाऊस मात्र करीत नाही; तो यंदा का लांबला, या प्रश्नाचे उत्तर नक्षत्रांत नाही. ते शोधण्यासाठी दाब मोजावा लागला.

दाब मोजण्याची युक्ती इटलीत टॉरिचेल्लीने १६४३ मध्ये शोधून काढली, आणि १६४८ मध्ये पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी फ्रान्समधील एका डोंगरावर नेऊन उंचीबरोबर पारा उतरतो हे प्रत्यक्ष दाखविले. मुंबईहून निघून कसारा घाट चढणारा प्रवासी हाच प्रयोग नकळत करीत असतो. समुद्रसपाटीवर हवेचा सरासरी दाब १०१३ हेक्टोपास्कल धरला जातो. सातपूरच्या उंचीवर तो सुमारे ९४५ च्या आसपास भरतो. पाऱ्याच्या स्तंभात हा उतार जवळजवळ पाच सेंटिमीटरांचा होतो, आणि त्यामुळेच आपल्या स्वयंपाकघरातील पाणी शंभराऐवजी सुमारे अठ्ठ्याण्णव अंशांवर उकळते. अलीकडे पुष्कळांच्या मोबाईलमध्येही दाबमापक असतो. त्याने दाखविलेला आकडा ९४० च्या घरातला आणि हवामानाच्या बातमीतला आकडा १०१० च्या घरातला पाहून कित्येकांना यंत्र बिघडल्याची शंका येते. परंतु बातमीतील दाब हा समुद्रसपाटीवर आणून सांगितलेला असतो. तसे केले नाही, तर नाशिक आणि मुंबई यांच्या दाबांतील फरक हा केवळ उंचीचा फरक ठरेल, आणि वारा ज्याच्यामुळे वाहतो तो आडवा फरक त्याखाली लपून जाईल.

या दाबाचे आणखी एक वैशिष्ट्य उष्ण कटिबंधात राहणाऱ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावे. युरोपातील पुस्तकांत पारा उतरला की वादळ, चढला की निरभ्र आकाश, असा सरळ नियम दिलेला असतो. सातपूरला कोणत्याही स्वच्छ दिवशी दाबमापक समोर ठेवून पाहिले, तर सकाळी दहाच्या सुमारास दाब उच्चांक गाठतो, दुपारी चारच्या सुमारास दोन-चार हेक्टोपास्कलांनी उतरतो, रात्री दहाला पुन्हा चढतो आणि पहाटे चारला पुन्हा उतरतो. वातावरणाला सूर्याच्या उष्णतेमुळे येणारी ही दैनंदिन भरती-ओहोटी इतकी नियमित असते की तिच्यावरून घड्याळाची वेळही अदमासे सांगता यावी. तेव्हा दुपारी पारा उतरला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. काल याच वेळी तो किती होता, हे पाहून जी तूट उरेल तिचाच विचार करावयाचा. मोठे वादळ जवळ आल्यावर ही लयच बिघडते, आणि तिचे बिघडणे हीच खरी सूचना असते.

दाबातील आडव्या फरकाने वारा निर्माण होतो, पण तो अधिक दाबाकडून कमी दाबाकडे सरळ धावत नाही. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात तो उजवीकडे वळतो, आणि परिणामी जवळजवळ समदाब रेषांना समांतर वाहतो. बाइस-बॅलट या डच शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये याचा एक सुटसुटीत नियम सांगितला: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास कमी दाबाचे क्षेत्र डाव्या हाताला असते. जुलै महिन्यात सातपूरच्या एखाद्या गच्चीवर हे करून पाहावे. वारा त्र्यंबकेश्वराच्या दिशेकडून येत असतो. त्याच्याकडे पाठ केली की तोंड नाशिकरोडकडे, पूर्वेला होते, आणि डावा हात उत्तरेकडे जातो. त्या दिशेला, राजस्थान व पाकिस्तान यांच्या तापलेल्या भूमीवर, त्या ऋतूतील कमी दाबाचे विस्तीर्ण क्षेत्र खरोखरच ठाण मांडून बसलेले असते. जानेवारीत वारा ईशान्येकडून येतो. तेव्हा डावा हात आग्नेयेकडे वळतो आणि कमी दाब विषुववृत्ताच्या बाजूला असल्याचे दाखवितो. कोणतेही उपकरण न वापरता हजार किलोमीटरांपलीकडील दाबाची दिशा सांगणारी याहून सोपी युक्ती नाही. मात्र इमारतींच्या आडोशाला उभे राहून ती करू नये.

नैर्ऋत्य मोसमी वारे हे या नियमाचे सर्वांत भव्य उदाहरण होय. दक्षिण हिंदी महासागरात, मॅस्करीन बेटांच्या आसपास, जुलैमध्ये अधिक दाबाचे क्षेत्र असते आणि वायव्य भारतात कमी दाबाचे. दोहोंमधील फरक साधारणतः पंचवीस-तीस हेक्टोपास्कलांचा, म्हणजे मुंबई आणि सातपूर यांच्यातील उंचीमुळे पडणाऱ्या फरकाच्या निम्म्याहूनही कमी. परंतु हा फरक आडवा आहे आणि हजारो किलोमीटर पसरलेला आहे, म्हणून तेवढ्यावर विषुववृत्त ओलांडून, सोमालियाच्या किनाऱ्यालगत वेग घेऊन, अरबी समुद्राची वाफ उचलून, वाऱ्यांचा तो प्रचंड ओघ १ जूनच्या सुमारास केरळात आणि ११ जूनच्या सुमारास मुंबईत येऊन पोहोचतो. पुढे पावसाची उघडझाप ठरते तीही दाबाच्या फरकावरच. किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा तयार झाला, किंवा बंगालच्या उपसागरात उठलेले कमी दाबाचे क्षेत्र मध्य प्रदेशापर्यंत सरकले, की अरबी समुद्रावरील वारे जोराने ओढले जातात, त्र्यंबकेश्वर-इगतपुरीत झड लागते, गंगापूर धरणातून विसर्ग सुरू होतो, आणि गोदाघाटावरील लोक दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याशी, कमरेशी की गळ्याशी पाणी आले याची चौकशी करू लागतात. २ ऑगस्ट २०१६ च्या पुराच्या वेळी शहरातील बाजारपेठांत पाणी शिरले. पुराच्या मुळाशी असलेला पाऊस मात्र मुख्यतः त्या बाजारपेठांच्या पश्चिमेला, घाटमाथ्याच्या बाजूस पडत असतो.

घाटमाथ्याचे कार्य समजून घेण्यासाठी त्र्यंबक रस्ता हाच उत्तम पाठ आहे. जुलैतील एखाद्या दिवशी सातपूरला बारीक भुरभुर चालू असावी. पश्चिमेकडे निघाले की महिरावणीच्या पुढे भुरभुरीची सर होते, अंजनेरीच्या पायथ्याशी ढग डोंगराच्या कमरेखाली उतरलेले असतात, आणि त्र्यंबकेश्वरी पोहोचेपर्यंत पाऊस असा एकसारखा लागलेला असतो की तेथील लोकांना तो सुरू कधी झाला हे सांगता येत नाही. रस्त्याकडेच्या शेतांतही हाच उतार उमटलेला असतो: पश्चिमेकडे भात, नागली आणि वरई, पूर्वेकडे द्राक्षे, कांदा आणि त्याही पुढे बाजरी. समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीच्या भिंतीमुळे वर चढते, वर दाब कमी असल्याने प्रसरण पावते, प्रसरणाने थंड होते आणि आपल्या पोटातील वाफ सोडते. माथा ओलांडून ती पूर्वेकडे उतरू लागली की उलट क्रिया घडते. ती आक्रसते, तापते, आणि शिल्लक राहिलेले ढगही विरू लागतात. सिन्नर-येवल्याची अवर्षणप्रवणता ही त्या भूमीची करणी नसून, तिच्या वाट्याला येणारी हवा अगोदरच सह्याद्रीला जकात देऊन आलेली असते, एवढाच त्याचा अर्थ.

दाबाच्या अशा दूरस्थ फरकांचा मागोवा घेण्याच्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईला कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कारकिर्दीत उभारली गेली. भारतीय हवामान विभाग १८७५ मध्ये स्थापन झाला, त्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले, आणि शिवाजीनगरची ती इमारत आजही पुणेकरांच्या तोंडी सिमला ऑफिस म्हणूनच आहे. या विभागाचे पहिले प्रमुख ब्लॅनफोर्ड यांनी हिमालयातील बर्फावरून मोसमी पावसाचा अंदाज बांधण्याचा उपक्रम केला. १९०४ मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या ठाण्यांतील दाबांच्या नोंदी एकत्र करून असे दाखविले, की प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांवरील दाब परस्परविरुद्ध दिशांनी वरखाली होत असतात, आणि या आंदोलनाचा आपल्या पावसाशी संबंध आहे. आज ताहिती बेट आणि ऑस्ट्रेलियातील डार्विन यांच्या दाबांमधील फरक त्यासाठी मोजला जातो. याच आंदोलनाशी निगडित असलेल्या एल निनोच्या १९७२ आणि २०१५ या वर्षांत महाराष्ट्राने दुष्काळ सोसला. परंतु १९९७ च्या प्रबळ एल निनोतही देशाचा मोसमी पाऊस सरासरीइतका झाला, हेही त्याच दप्तरात नोंदलेले आहे, आणि ज्याला येवल्याच्या बाजरीचे भवितव्य ताहितीवरून सांगावयाचा मोह होईल त्याने ते अवश्य वाचावे.

आता आघाड्यांकडे वळू. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर लगेचच्या वर्षांत नॉर्वेतील बर्गेन येथे व्हिल्हेल्म ब्यर्कनेस, त्यांचे पुत्र याकोब आणि त्यांचे सहकारी यांनी असे प्रतिपादन केले, की समशीतोष्ण प्रदेशातील हवा ही एकजिनसी नसून ध्रुवाकडची थंड हवा आणि दक्षिणेकडची उष्ण हवा अशा दोन भिन्न राशी एका तिरप्या पृष्ठावर एकमेकींना भिडलेल्या असतात. थंड हवा जड असल्यामुळे ती उष्ण हवेखाली पाचरीप्रमाणे घुसते किंवा उष्ण हवा तिच्यावर हळूहळू चढते, आणि त्या सीमेवरच ढग, पाऊस आणि वाऱ्यातील आकस्मिक बदल घडतात. युरोपच्या हवामानाचे बरेचसे रहस्य या कल्पनेने उलगडले, आणि ती इतकी यशस्वी ठरली की आपल्याकडील पाठ्यपुस्तकांतही शीत व उष्ण आघाड्यांच्या आकृत्या मोठ्या दिमाखाने छापल्या जाऊ लागल्या. सातपूरच्या विद्यार्थ्याने मात्र त्या आकृत्या पाहून खिडकीबाहेर पाहिले, तर त्याला तसे काहीही दिसत नाही. कारण उष्ण कटिबंधात शेजारी-शेजारी असलेल्या हवांच्या तापमानात एवढा फरकच नसतो. पुस्तकी आघाडी आपल्याकडे सहसा येत नाही. येतो तो तिचा शेवटचा पदर, तोही हिवाळ्यात.

भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण-अफगाणिस्तानमार्गे उत्तर भारतात येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांचा पाऊस आणि बर्फ काश्मीर-हिमाचलाच्या वाट्याला जातो. सातपूरला या विक्षोभांची वर्दी वेगळ्या मार्गाने मिळते. प्रथम फार उंचावर तंतुमेघांचे पांढरे, विरळ पदर पसरतात, वारा दक्षिणेकडे किंवा पूर्वेकडे झुकतो आणि रात्री अवेळी उबदार होतात. एक-दोन दिवसांत ढग निघून जातात, वारा उत्तरेकडे फिरतो, हवा कोरडी होते आणि मग कडाक्याची थंडी पडते. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील नीचांकी तापमान वर्तमानपत्रांत छापून येते ते याच दिवसांत, आणि पाच अंशांखाली पारा गेला की बागाईतदार पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवून, ठिबकने पाणी सोडून घडांना जपण्याची खटपट करतात. निफाड हे सातपूरहून सखल असूनही अधिक गारठते, कारण निरभ्र आणि निवांत रात्री जमीन आपली उष्णता अवकाशात टाकते, तिच्यालगतची हवा थंड व जड होऊन सखल भागाकडे सरकते आणि तेथे साचून राहते.

हेच साचणे सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत डोळ्यांनी पाहता येते. डिसेंबरातील पहाटे एखाद्या धुराड्यातून निघालेला धूर थोडासा सरळ वर चढतो, मग जणू अदृश्य छताला लागल्याप्रमाणे थांबतो आणि आडवा पसरत जातो. ते छत म्हणजे जमिनीलगतच्या गार हवेवर बसलेला, तिच्याहून उष्ण असा हवेचा थर होय. खालची हवा जड असल्याने तिला वर जाण्याचे कारणच उरत नाही. सूर्य वर येऊन जमीन तापली की नऊ-दहाच्या सुमारास तोच धूर उंच चढून विरून जातो. हवा वर चढू शकते की नाही, हा ढगांच्या शास्त्रातील पहिला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर येथे रोज सकाळी विनामूल्य पाहावयास मिळते.

आघाडीसारखे दुसरे दृश्य आपल्याकडे उन्हाळ्यात उभे राहते. मार्च ते मे या काळात विदर्भापासून दक्षिणेकडे कर्नाटकापर्यंत कमी दाबाचा एक लांबट पट्टा वारंवार तयार होतो. त्याच्या एका बाजूला समुद्रावरून आलेली दमट हवा आणि दुसऱ्या बाजूला उत्तरेकडची कोरडी हवा असते. येथे भेद मुख्यतः तापमानाचा नसून आर्द्रतेचा असतो. दुपारी जमीन तापली, खाली दमटपणा असला आणि वर कोरडी, थंड हवा असली की पुंजमेघ पाहता पाहता गर्जन्मेघ होतात. दुपारी चारच्या सुमारास कोपऱ्यात काळोख दाटतो, प्रथम धुळीचा लोट आणि गार वाऱ्याचा झोत येतो आणि त्यामागून वळवाचा पाऊस. हा गार झोत म्हणजे ढगातून पावसाबरोबर खाली कोसळलेली थंड हवा असते. तिची पुढची कडा म्हणजे काही किलोमीटरांची, तास-दोन तास जगणारी, एक लहानशी शीत आघाडीच होय.

गारपीट ही याच मेघांची देणगी. ढगातील थेंबकण इतके सूक्ष्म असतात की पावसाचा एक थेंब होण्यास सुमारे दहा लाख कणांनी एकत्र यावे लागते. परंतु गर्जन्मेघातील उभा वारा एवढा प्रबळ असतो, की गोठणबिंदूच्या पातळीच्या वर गेलेले थेंब पुन्हा पुन्हा उचलले जातात आणि त्यांवर बर्फाची पुटे चढत जातात. मोठी गार मधोमध फोडली, तर कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकात एक थर दिसतात. जुलैत याहून कितीतरी अधिक पाऊस पडूनही गारा का पडत नाहीत, याचे उत्तर असे की त्या वेळी गोठणबिंदूची पातळी पाच किलोमीटरांहून वर गेलेली असते, ढगांतील उभे वारे सौम्य असतात, आणि जी काही गार तयार होईल ती उबदार, ओल्या हवेतून येताना वितळून जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही पातळी खाली असते आणि वरची हवा कोरडी असते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात झालेली गारपीट, किंवा २६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागा झोडपून काढणारी अवकाळी गारपीट, यांच्या मुळाशी उत्तरेकडून आलेला विक्षोभ आणि समुद्रावरची दमट हवा यांची गाठ पडणे हेच होते. बागाईतदाराचे दुर्दैव असे, की ऑक्टोबरच्या छाटणीपासून एप्रिलच्या खुडणीपर्यंत द्राक्षाचा सारा हंगाम नेमका या गाठीभेटींच्या काळात येतो. गारा न पडताही दोन दिवसांचे ढगाळ वातावरण त्याला पुरेसे जड जाते. पाने ओली राहिली की डावणी रोग येतो, तयार मण्यांत पाणी शिरले की ते तडकतात, आणि नंतर तलाठी पंचनामा करण्यास येतो तेव्हा ढग केव्हाच निघून गेलेले असतात.

पश्चिमेकडून चक्रीवादळही क्वचित येते. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान आणि ३ जून २०२० रोजी निसर्ग ही वादळे रायगड-मुंबईच्या किनाऱ्यावर चढली आणि दोन्ही वेळी नाशिकने पाऊस अनुभवला. सह्याद्री ओलांडताना अशा वादळांचा जोर मोडतो, कारण समुद्राच्या वाफेचा पुरवठा तुटतो. परंतु त्यांनी बरोबर आणलेला दमटपणा पठारावर पसरतो आणि पाऊस देतो. ही प्रकरणे संख्येने थोडी असल्याने त्यांचा विस्तार येथे करीत नाही.

प्रस्तुत पुस्तकाची मांडणी वरील विवेचनाच्या क्रमानेच केलेली आहे. पहिल्या भागात दाब आणि वारा, दुसऱ्यात भिन्न हवांच्या सीमा, तिसऱ्यात ढग आणि पर्जन्य यांचा विचार आहे. चौथ्या भागात सातपूरच्या वर्षाचे, जानेवारीच्या धुईपासून डिसेंबरच्या दवापर्यंतचे, महिनावार वर्णन दिले आहे. गणित शक्य तेवढे टाळले आहे, परंतु जेथे आकड्यावाचून गोष्ट स्पष्ट होत नाही तेथे आकडा दिला आहे. परिभाषा शक्यतो रूढ ठेवली आहे: वर्तमानपत्रात जे शब्द येतात त्यांच्याशी वाचकाची गाठ रोज पडते, तेव्हा त्यांनाच नेमका अर्थ देणे हे नवे शब्द घडविण्यापेक्षा अधिक उपयुक्त वाटले.

एक मर्यादा मात्र स्पष्ट करून ठेवली पाहिजे. उपग्रह, रडार आणि संगणक यांच्या साहाय्याने चार-पाच दिवसांपुरता वाऱ्यांचा आणि दाबाचा अंदाज आज पुष्कळच विश्वासार्हपणे वर्तविता येतो. परंतु वळवाची एखादी सर सातपूरवर पडेल की मखमलाबादवर, हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. यात कोणा वेधशाळेची हयगय नाही. काही किलोमीटर रुंदीचा आणि तासाभराच्या आयुष्याचा ढग ज्या लहानशा भेदांतून जन्मतो, ते भेद मोजण्याइतकी ठाणी कोठेच नाहीत. म्हणून अंदाज चुकला की हवामान खात्याची टवाळी करणे आणि बरोबर आला की त्याला विसरून जाणे, ही दोन्ही टोके सोडून वाचकाने अंदाजाच्या प्रत्येक बातमीला तीन प्रश्न विचारावेत: कमी दाब कोणत्या दिशेला आहे आणि तो कोणीकडे सरकत आहे, कोरड्या व दमट हवेची सीमा आपल्यापासून किती दूर आहे, आणि आज हवा किती उंच चढू शकेल. पहिल्याचे उत्तर हवामान विभागाच्या रोजच्या नकाशात मिळते, दुसऱ्याचे वाऱ्याच्या दिशेत आणि अंगावरील घामात, तिसऱ्याचे दुपारच्या पुंजमेघांच्या उंचीत. ही तीन उत्तरे एकत्र ठेवून जो बागाईतदार आज फवारणी करावी की उद्यापर्यंत थांबावे, हे स्वतः ठरवू शकेल, त्याच्यासाठी हे पुस्तक मुख्यतः लिहिले आहे. त्याचा औषधाचा एक फेरा जरी त्यामुळे वाचला, तरी लेखकाला आपल्या श्रमाचे मोल मिळाले असे वाटेल.

सातपूर, नाशिक